गजूला पाय दिसत नव्हते

"काका, आता कोन चुकलं?" हेडफोनमधून प्रज्ञाचा आवाज आला.

कोणीच चुकलं नव्हतं. तरीही टेक वाया गेला होता. टेक म्हणजे गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवून घेणं. हा सहावा टेक होता. सहाही वेळा गाणं मिनिटभर सुरेख पळालं आणि मग एकाच जागी आपटलं. कधी गिटार आणि बेस संथ झाले आणि ड्रम पळत राहिले, तर कधी ड्रम संथ झाले आणि बाकीचे पुढे निघून गेले.

"कोनी नाई चुकलं," मी म्हणालो. "पंखा लावा. जरा दम घ्या."

रेकॉर्डिंग चालू असताना आमच्याकडे पंखा बंद ठेवावा लागतो, कारण माइकला पंखा ऐकू येतो. चातुर्मास लागलेला, हवा दमट आणि खोलीला एकही उघडी खिडकी नाही. बँडचे चौघेही घामाने निथळत होते.

माझा स्टुडिओ नांदुऱ्यात, घराच्या मागच्या बाजूला आहे. त्याच्याही मागे रेल्वेची मेन लाइन. लोक विचारतात, रुळाशेजारी कोणी स्टुडिओ बांधतं का? जागा तिथेच होती म्हणून बांधला. खोलीच्या आत खोली बांधली, मधल्या पोकळीत कापूस भरला. कापसाला आमच्याकडे तोटा नाही. गाड्यांचा आवाज त्यात बराचसा मरतो. जो मरत नाही, तो मालगाडीचा. तो जमिनीतून येतो आणि ड्रमच्या माइकमध्ये शिरतो. एक्स्प्रेसच्या वेळा मला पाठ आहेत, पण मालगाडीला वेळापत्रक नसतं. म्हणून माझ्याकडे गाणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगून ठेवतो, मी हात वर केला की थांबायचं. मग तो आमदार असो की भजनी बुवा.

याआधी मी अठरा वर्षं मुंबईत आणि पुण्यात होतो. तिथे माझं काम म्हणजे पंक आणि हार्डकोर बँडचं रेकॉर्डिंग. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. पंक म्हणजे वेगाने वाजवलेली, छोटी, रोखठोक गाणी. सूर तीन-चार, आडपडदा नाही. हार्डकोर हा त्याचा धाकटा आणि जास्त चिडका भाऊ. गाणं दीड-दोन मिनिटांत संपतं आणि गायक ओरडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा नुसता गोंगाट आहे. पण तो गोंगाट चार माणसांनी एकाच क्षणी सुरू करून एकाच क्षणी थांबवायचा असतो, आणि ते सोपं नाही. इंजिनिअरने आवाज नीट पकडायचा. प्रोड्युसरने कोणता टेक चांगला ते ठरवायचं आणि कोण कुठे घसरतंय ते त्याचं मन न दुखवता सांगायचं. मी दोन्ही करत आलो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा गावी परत आलो आणि इथेच राहिलो. आता भजनं, भीमगीतं, शाळेच्या गॅदरिंगचे ट्रॅक आणि निवडणुकीत रिक्षावर फिरणाऱ्या घोषणा, असं सगळं करतो. हार्डकोर बँड या जिल्ह्यात माझ्या दारी येईल, असं मी धरून चाललो नव्हतो.

तो आला प्रज्ञाच्या वडिलांमुळे. ते अमडापूरचे, गायन पार्टीत गातात. त्यांच्या भीमगीतांचं रेकॉर्डिंग माझ्याकडेच झालं होतं. एक दिवस त्यांचा फोन आला.

"भाऊ, माही पोरगी बी गाते."

"चांगलं हाय ना. कोनतं गाते?"

ते खाकरले. मग म्हणाले, "गाते म्हन्जे वरडते. पन ताला-सुरात वरडते. तुमी एकडाव आयकून पाहा."

मी ऐकलं. फोनवर काढलेला व्हिडिओ होता, एका मंगल कार्यालयात वाजवलेल्या कार्यक्रमाचा. आवाज फाटलेला, चित्र हललेलं. तरी मी तो तीन वेळा बघितला. मुंबई-पुण्यात नावाजलेले बँड मी रेकॉर्ड केलेत. या पोरांमध्ये जे होतं ते त्यांतल्या अर्ध्यांमध्ये नव्हतं.

बँडचं नाव थ्री फेज. पहिल्या दिवशी मी विचारलं, "चार जन हायेत अन् नाव थ्री फेज?"

"शुभम न्यूट्रल हाय," प्रज्ञा म्हणाली.

शुभम बेस गिटार वाजवतो आणि कशावरच मत देत नाही. तो यावरही काही बोलला नाही. गिटारवर सोहेल, देऊळघाटचा. ड्रमवर गजानन ऊर्फ गजू, तोही देऊळघाटचाच. बँड गजूने सुरू केला. त्याच्या मामांची लग्नाची बँड पार्टी आहे, त्यात तो लहानपणापासून ताशा आणि साइड ड्रम वाजवत आला. मामांच्या सामानाच्या खोलीत, ट्रंपेट आणि झालरीच्या छत्र्यांच्या मधोमध या चौघांनी सराव केला.

आता मुद्द्याचं. गजूची पोलीस भरतीत निवड झाली होती. मंगळवारी त्याला ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं होतं. पुढे पोस्टिंग कुठे मिळेल ते सांगता येत नव्हतं. म्हणजे बँड असा उरणार नव्हता, हे चौघांनाही माहीत होतं, पण कोणी तसं बोलत नव्हतं. पुण्याच्या मिहिर नावाच्या एका माणसाचं छोटं लेबल आहे. लेबल म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी संस्था. त्याने यांची चार गाणी काढायचं कबूल केलं होतं. रेकॉर्डिंग झालं तर ते याच शनिवार, रविवार आणि सोमवारी होणार होतं.

तीन गाणी सरळ होती. ती शनिवारी दुपारपर्यंत झाली. चौथं गाणं सगळ्यात महत्त्वाचं, 'पूर्ण नाव सांग'. प्रज्ञाने लिहिलेलं. खोली भाड्याने बघायला गेलं की, नोकरीला गेलं की, कोणी नुसत्या नावावर थांबत नाही. आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, मग गाव, आणि एवढं सांगूनही समाधान झालं नाही की "म्हणजे तुम्ही कोण?" गाणं याच्यावर आहे. ते सुसाट पळतं, मग मध्येच एकदम निम्म्या वेगावर येतं आणि प्रज्ञा एकेक शब्द दगड ठेवल्यासारखा म्हणते: पूर्ण. नाव. सांग.

वेग असा अचानक पडतो त्या जागेला ब्रेकडाउन म्हणतात. हार्डकोर ऐकणारे लोक त्यासाठीच येतात. वरातीत नाचणारे उड्या मारता मारता एकदम नागीण होऊन जमिनीवर बसतात, तसंच काहीसं.

आमचं गाणं बरोबर तिथेच आपटत होतं.

पहिला उपाय मी नेहमीचा केला. क्लिक लावला. क्लिक म्हणजे वादकांच्या कानात सतत वाजणारी टिक-टिक, म्हणजे वेग घसरत नाही. गजूने क्लिकवर वाजवलं. एकही ठोका चुकला नाही. आणि गाणं सरकारी जाहिरातीसारखं ऐकू आलं.

"काका, हे आमी नाई," सोहेल म्हणाला. सोहेल फार बोलत नाही, म्हणून मी क्लिक काढला.

दुसरा उपाय मोजण्याचा. मला आकडे आवडतात. आकडे मांडले की बहुतेक भानगडी सुटतात, असा माझा अनुभव. मी सगळे टेक पुन्हा ऐकले आणि कडवं संपल्यापासून ब्रेकडाउनपर्यंत गजू किती बार वाजवतो ते लिहिलं. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक घास. एका टेकमध्ये आठ, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात अकरा, मग परत सहा. आकडे मांडून झाले, पण त्यांतून काहीच निघालं नाही.

"गजू, तू किती मोजतो?"

"मी मोजत नाई, काका."

"मंग तुले कसं समजते का आता स्लो कराचं?"

त्याने खरंच विचार केला. "तवा ते येते."

"कोन येते?"

"ते... येते ना, काका. आपोआप." मग खजील होऊन म्हणाला, "इथं येऊनच नाई राह्यलं."

मी आठ बार ठरवून दिले. तो तोंडाने मोजत वाजवायला लागला आणि मोजण्याकडे लक्ष गेल्यावर हात आखडले. पाढे म्हणणाऱ्या पोराच्या चेहऱ्याने कोणी हार्डकोर वाजवत नाही.

तोपर्यंत झालेलं मिहिरला पाठवलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी केबल गुंडाळत होतो, म्हणून स्पीकरवर ठेवला.

"दादा, गाणी कमाल आहेत. तिचा आवाज तर वेड लावतो. पण चौथ्या गाण्यात तुमचा ड्रमर काउंटच करू शकत नाहीये."

"तो मोजत नाही, हे खरं आहे."

"मग झालं ना! माझ्याकडे इथे एक सेशन ड्रमर आहे. दोन तासांत चारही गाणी वाजवून देईल, एकदम टाइट. तुम्ही बाकीच्यांचं क्लिकवर घेऊन पाठवा."

"मिहिर, बँड त्या पोराने उभा केलाय."

"मग त्याचं नाव टाकू की. थँक्स टूच्या यादीत."

मी वळून बघितलं. पाण्याचा माठ माझ्या कंट्रोल रूममध्ये असतो. गजू दारात ग्लास घेऊन उभा होता, मागे प्रज्ञा. मी मिहिरला "सोमवारी सांगतो" म्हणून फोन ठेवला.

"त्याहीचं बरोबर हाय, काका," गजू म्हणाला. "पुन्याचा घ्या. मी तं मंगळवारी चाललोच. गानं राह्यलं पाह्यजे."

"गप बस बे," प्रज्ञा म्हणाली. "तुह्या मामाच्या खोलीत दोन वर्सं आमी छत्र्याच्या खाली बसून वाजवलं, अन् तू थँक्स टू?"

"मंग का करू? माह्यानं होऊनच नाई राह्यलं."

"होते. मंगल कार्यालयात झालं का नाई?"

"तिथं झालं. इथं काऊन नाई होत, मले का मालूम?"

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, गजू नसन तं हे गानं नाई द्याचं. तीनच द्या. नाईतं एकबी नका देऊ."

मी म्हणालो, सकाळी बघू. चौघे आमच्याच हॉलमध्ये झोपले. माझी बायको वंदना त्यांना वाढताना म्हणाली, "त्या पोराचं तोंड पाहा जरा. दोनच पोया खाल्ल्या त्यानं."

रविवारी सकाळी चहा घेताना मी प्रज्ञाकडून तिच्या फोनमधले जुने कार्यक्रमांचे सगळे व्हिडिओ मागून घेतले. सात होते. सातही व्हिडिओत ब्रेकडाउन वेगवेगळ्या ठिकाणी येत होता. आठ बार, पाच बार, एकदा तर चौदा. पण चौघेही एकत्र खाली येत होते, जणू एकाच दोरीला बांधलेत. म्हणजे गजू मोजत नव्हता हे खरं, पण बाकीचेही मोजत नव्हते. चौघे मिळून कशाची तरी वाट बघत होते.

मग मी आवाज बंद केला आणि नुसतं बघितलं. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे उशिरा सुचतं. आम्हाला ऐकायची सवय.

गजूची मान ड्रमवर नव्हती. सोहेलकडे नव्हती, प्रज्ञाकडेही नव्हती. ती समोर आणि थोडी खाली होती. सातही व्हिडिओत तशीच. समोर पोरं उड्या मारत होती. तो त्यांच्या पायांकडे बघत होता. पाय ठोक्याबरोबर पडत होते तोवर तो पळत होता. पाय दमले, ठोक्याच्या किंचित मागे पडायला लागले, की त्याने वेग खाली आणलाच. आणि बाकीचे तिघेही त्याच गर्दीकडे तोंड करून उभे असल्यामुळे त्यांनाही तेच दिसत होतं.

वरातीत वाजवणारा माणूस दुसरं काय करणार? वरात चौकात थांबते. नवरदेवाचे मित्र नाचतात. ते रंगात असताना चाल बदलली तर शिव्या बसतात. ते दमले आणि तरी तशीच चाल ठेवली तर नाच मोडतो. मग नागीण काढायची ती कधी, हे पायच सांगतात. गजूने हे दहा-बारा वर्षं केलं होतं. इतकं केलं होतं की आपण ते करतो हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि मी काय केलं होतं? इतरांचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये येऊ नये म्हणून त्याला वेगळ्या खोलीत, जाड काचेच्या मागे बसवलं होतं. काच बाजूला, समोर भिंत. ती खोली मी मोठ्या हौसेने बांधली होती. पुस्तकात असतं तशीच होती.

खात्री करायची होती. मी गजूला ड्रमवर बसवलं, बाकीच्या तिघांनाही काचेतून दिसेन असा त्याच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "कडवं संपते तिथून सुरू कर."

"तुमी का करता, काका?"

"नाचतो."

वय बावन्न, वजन एक्क्याऐंशी किलो. गाण्याचा वेग मिनिटाला एकशे नव्वद ठोके. मी उड्या मारल्या. दुसऱ्या बारला गुडघ्यांनी दगा दिला आणि तिसऱ्याला ब्रेकडाउन आला. चौघेही एकदम खाली आले. केसभरही इकडेतिकडे नाही.

वाजवणं थांबलं. गजू माझ्याकडे बघतच राहिला.

"आलं ना बे!" प्रज्ञा ओरडली.

"हाव, आलं! पन काका, लय लवकर आलं."

"लवकर येईनच ना," दारातून वंदना म्हणाली. "पाय कोनाचे हायेत ते पाहा."

रोग कळला. औषध सोपं नव्हतं. नाचणारी माणसं स्टुडिओत आणली तर त्यांच्या पायांचा धप-धप आवाज ड्रमच्या माइकमध्ये येणार. नाचणारा माणूस तोंड बंद ठेवत नाही, हा दुसरा प्रश्न. आणि चौघांना एकाच खोलीत वाजवू दिलं तर सगळ्यांचे आवाज सगळ्या माइकमध्ये शिरणार. याला लीक म्हणतात. लीक असला की नंतर दुरुस्ती करता येत नाही. एकाची चूक पुसायची म्हटली तर चौघांचं वाजवणं पुसलं जातं. म्हणजे टेक जमला तर पूर्ण जमला पाहिजे, नाहीतर काहीच हाती नाही.

पायांसाठी गाद्या घातल्या. आमच्या घरातल्या, शेजारच्यांच्या आणि बिछायतवाल्याकडून आणलेल्या. त्यावर अनवाणी किंवा मोज्यांनी नाचायचं. सोहेलचा अँप्लिफायर उचलून मी ड्रमच्या त्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवला आणि दार लावलं. म्हणजे इतक्या हौसेने बांधलेल्या खोलीत आता एक पेटी ओरडणार होती. ड्रम मोठ्या खोलीत, गाद्यांच्या समोर आले.

नाचायला चिखलीहून यांच्या ओळखीची चार पोरं दुपारच्या बसने आली. पायांनी फार छान नाचली. पण ब्रेकडाउन आला की त्यांच्या तोंडून आरोळी निघायचीच. एकाने तोंडात रुमाल कोंबला, तो उडून शुभमच्या बेसवर पडला. शुभम काही बोलला नाही. संध्याकाळी पोरं मला "सॉरी काका" म्हणत परतीच्या बसला गेली. रविवार संपला.

सोमवार शेवटचा. सकाळी गजू म्हणाला, "काका, मामाले बलावू का? चातुर्मास चालू हाय, लग्नं नाईत. पार्टीचे लोक घरीच हायेत."

"ते वाजवतात. नाचतात का?"

गजूने डोकं खाजवलं. "पाह्यलं तं कधी नाई."

गजूचे मामा आणि त्यांच्या पार्टीचे तिघे दुपारी आले. सगळ्यांत मोठे किसनबुवा, क्लॅरिनेट वाजवणारे, साठीच्या पुढचे. खिशाला पेन, डोक्यावर टोपी. मी त्यांना काम समजावलं. गाद्यांवर नाचायचं, आवाज करायचा नाही आणि दमेपर्यंत थांबायचं नाही.

किसनबुवांनी गाद्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हन्जे आमी नाचाचं, अन् हा पोट्टा वाजवनार?"

"हो."

"चाळीस वर्सं झाले मले वाजवता वाजवता," ते म्हणाले. "लोकाच्या लग्नात नाचाले कोनी बलावलं नाई कधी." मग मामांकडे वळून, "घरच्याबी लग्नात क्लॅरिनेट माह्याच तोंडात व्हतं."

मामा हसले. "तोंड बंद ठेवाची सवय हाय ना मंग. काढा चपला."

चौघांनी चपला काढून ओळीत ठेवल्या. टोपी काढून किसनबुवांनी ती माझ्या हातात दिली. मी कंट्रोल रूममध्ये जाऊन हेडफोन लावला, घड्याळ बघितलं. पुढची एक्स्प्रेस यायला वेळ होता. मालगाडीचं काही सांगता येत नव्हतं.

पहिले दोन टेक ते लाजले. नवरदेवाच्या काकांसारखे हात वर करून जागच्या जागी डुलले. वरातीतला प्रत्येक प्रकारचा नाच त्यांनी आयुष्यभर समोरून पाहिलेला. तो आपल्या अंगाने करायचा म्हटल्यावर अंग चोरत होते. तिसऱ्या टेकला मामा सुटले. चौथ्या टेकला ऐन मध्यावर मी हात वर केला. मालगाडी. सगळे जिथल्या तिथे उभे राहिले, एक पाय उचललेला तसाच. भुसावळच्या दिशेने ती जी जायला लागली ती संपेचना.

"हिचेबी डबे मोजा, काका," प्रज्ञा म्हणाली. "तुमाले आवडते."

सगळे हसले. किसनबुवाही हसले. मला वाटतं, त्या हसण्याने काम केलं.

पाचवा टेक. गाणं सुटलं आणि गाद्यांवरची चार माणसंही सुटली. साठी ओलांडलेला माणूस अनवाणी उड्या मारत होता, डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले, आणि खोलीत त्याच्या पावलांचा आवाज नाही. मी पुष्कळ कार्यक्रम पाहिलेत. असं काही पाहिलं नाही. काचेतून मला गजूची मान दिसत होती. समोर, थोडी खाली. कडवं संपलं. आठ बार गेले, दहा गेले. त्यांचे पाय अजून ठोक्यावर होते आणि गजू पळत होता. बारा. तेरा. मामांची टाच किंचित मागे पडली.

आणि बँडचे चौघे एकदम खाली आले.

पूर्ण. नाव. सांग.

प्रज्ञाचा आवाज भिंतीतल्या कापसापर्यंत गेला असेल. शेवटचं "सांग" म्हणून सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि गाणं शांततेत संपतं. मी श्वास धरला होता. वाद्यं थांबली. शांतता पडली. आणि त्या शांततेत किसनबुवांनी, हात वर करून, छातीतून, आपलं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका आणि जिल्हा.

मग डोळे उघडले आणि जीभ चावली.

"चुकलं काय?" त्यांनी मला काचेतून विचारलं. "तिनं इचारलं, म्हनून..."

प्रज्ञाने जाऊन त्यांचे पाय धरले. ते "अवं, अवं" करत मागे सरले आणि गादीवर बसले. गजूने काठ्या खाली ठेवल्या होत्या. शुभम म्हणाला, "हाच ठेवा." तीन दिवसांत त्याने दिलेलं ते एकमेव मत.

सहावा टेक मी घेतला नाही.

बुधवारी मिहिरचा फोन आला. तोपर्यंत गजू सेंटरला पोहोचला होता.

"दादा, हे काय आहे? हे तेच गाणं? हाच ड्रमर?"

"तोच."

"क्लिकवर आहे?"

"नाही. पायांवर आहे." मी त्याला सगळं सांगितलं. त्याला कितपत पटलं माहीत नाही.

"बरं, पण शेवटी ते आजोबा कोण? काहीतरी पत्ता सांगतायत. तेवढं काढा ना."

"निघत नाही. सगळ्या माइकमध्ये गेलंय. त्यांना काढायचं तर शेवटच्या झांजेचा आणि प्रज्ञाच्या शेवटच्या शब्दाचा घुमत राहिलेला आवाज मध्येच तुटतो."

पलीकडे मिहिर तो शेवट परत वाजवत असल्याचं मला ऐकू येत होतं. एकदा. दोनदा.

"असू दे," तो म्हणाला.

गाणं आलं. ड्रमच्या पुढे गजूचं नाव आहे, जिथे असायला हवं तिथे. थँक्स टूमध्ये मामा आणि त्यांचे तिघे आहेत, आणि वंदना, गाद्यांसाठी. किसनबुवांचं नाव मी इथे पूर्ण लिहीत नाही. त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय. प्रज्ञाचे वडील म्हणतात, पोरगी वरडते ते आता समजते, पन ते म्हातारं सगळ्यात सुरात हाय.

ड्रमच्या खोलीत मी अजून अँप्लिफायर ठेवतो. क्लिकही वापरतो, तो वाईट नाही. फक्त आता कोणीही वाजवायला बसला की आधी विचारतो, तू कोणाकडे बघून वाजवतोस? परवा एका भजनी मंडळाच्या मृदंगवाल्याला विचारलं. त्याला प्रश्नच वेड्यासारखा वाटला. "बुवाच्या हनुवटीकडे, आनखी कोनाकडे?" म्हणाला. मी उठून त्याची बैठक बुवांच्या समोर हलवली. एका टेकमध्ये काम झालं.

गेल्या रविवारी गजूचा फोन आला. त्यांना रविवारी फोन करू देतात. ड्रम येतो म्हटल्यावर त्याला सेंटरच्या बँडमध्ये घेतलंय, परेडला वाजवायला.

"जमते का?" मी विचारलं.

"जमते, काका. पन इथं सारंच उलटं हाय. इथं पाय माह्या ठोक्याकडे पाहून चालते."

"मंग तं सोपं हाय."

"सोपं हाय," गजू म्हणाला. "पन मी तरीबी पाहातोच. लाइनीतलं एक पोट्टं दमून राह्यलं का मले पह्यले समजते."

"मंग का करतो?"

"का करीन, काका? साहेब पाहात नसले का जरासं स्लो करतो."